लहान मुलांचें घरचें शिक्षण : पाठांतर आणि फेरी



“आम्ही अडाणी माणसें, आमच्यानें मुलांस शिकविणें कसें होणार?” हे शब्द भिवंडीच्या आसपासच्या गांवपाड्यांत हिंडणाऱ्या प्रत्येक उपदेशकाच्या कानीं पडतात. बाप यंत्रमागावर किंवा गोदामांत कामास जातो, आई शेतांत राबते. कित्येक कातकरी कुटुंबें तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तीं पावसाच्या तोंडीं घरीं परततात. तोंपर्यंत तीन, चार, पांच वर्षांचें मूल कोणाच्या तरी पायांत घुटमळत दिवस काढतें. पुढें सहाव्या वर्षीं तें शाळेंत गेलें, म्हणजे गुरुजींच्या साध्या प्रश्नालाही उत्तर न देतां खालीं मान घालून उभें राहतें. मग लोक म्हणतात, मूल मंद आहे. आणि आईबापही तेंच खरें मानतात. परंतु मूल मंद नसतें. त्याच्याशीं कोणी निवांतपणें बोललेलें नसतें, त्याला कोणीं बोलतें केलेलें नसतें, एवढेंच.

ज्या घरांत एकही पुस्तक नाहीं आणि ज्या आईस अक्षरओळख नाहीं, त्या घरांतही सहा वर्षांच्या आंतील मुलाचें शिक्षण चांगल्या रीतीनें होऊं शकतें, हें ह्या पाठांत आपणांस पाहावयाचें आहे. त्यास साधनें दोनच लागतात : एक पाठांतर व दुसरें फेरी. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत आईबापांस जी आज्ञा केली आहे (६:६-७), तींत हीं दोन्ही साधनें आलीं आहेत. वचनें मुलांच्या मनावर ठसवावयाचीं, हें झालें पाठांतर. आणि घरांत असतां व वाटेनें चालतां त्यांविषयीं बोलावयाचें, ही झाली फेरी. तेथें पाटीचा किंवा शाळेच्या इमारतीचा उल्लेखही नाहीं.

१. एका आईची शाळा

ह्या रीतीनें शिकून मोठी झालेली आपल्या सर्वांच्या परिचयाची व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला घरींच संस्कृत शिकविलें. स्त्रीला संस्कृत शिकविणें हा त्या काळीं मोठाच अपराध. त्याबद्दल उडुपी येथें माध्व पंथाच्या मुख्य गुरूंपुढें व पंडितांपुढें त्यांस जाब द्यावा लागला, आणि शास्त्राच्या आधारानें त्यांनीं तो दिला. रमाबाई तान्ह्या असतांनाच हें कुटुंब अरण्य सोडून तीर्थयात्रेस निघालें, तें वर्षानुवर्षें चालतच राहिलें.

वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीस शिकविण्याचें काम आईनें हातीं घेतलें. सुमारें आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आई हीच रमाबाईंची शाळा होती. उजाडण्यापूर्वीं मुलीस जागें करावें आणि दिवसाच्या कामास लागण्याआधीं तोंडीं पाठ द्यावा, अशी त्या माउलीची रीत. बारा वर्षांच्या सुमारास पुराणांतील १८,००० श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले होते, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. परंतु श्लोकांच्या संख्येनें आपण दिपून जाऊं नये. आईनें आपल्या मनास असें वळण लाविलें कीं, पुढें दुसऱ्याच्या फारशा मदतीवांचून आपलें शिक्षण आपणच चालवितां आलें, असें स्वतः रमाबाईंनीं लिहून ठेविलें आहे. घरच्या शिक्षणाचें खरें फळ तें हेंच.

दुष्काळांत आईबाप गेल्यावर रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास ह्यांनीं हजारों मैल पायीं प्रवास केला. त्या वाटचालींत त्यांनीं ठिकठिकाणच्या स्त्रियांचीं, विशेषतः विधवांचीं दुःखें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं. इ. स. १८७८ मध्यें तीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं, तेव्हां तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. पदव्या पाठांतरानें मिळाल्या. पण पुढील जन्मभराचें कार्य मिळालें तें त्या चालण्यांत जें पाहिलें त्यांतून.

ह्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनंतशास्त्र्यांच्या घरीं संस्कृतावांचून दुसरी भाषा आणि धर्मग्रंथांवांचून दुसरी विद्या निषिद्ध होती. हातानें करावयाचा कोणताही धंदा मुलांस शिकविला नव्हता. त्यामुळें दुष्काळ आला तेव्हां हजारों श्लोक पाठ असलेलीं हीं माणसें उपाशी राहिलीं. जातीच्या व विद्येच्या अभिमानामुळें आपण एखादा धंदा शिकलों नाहीं, शिकलों असतों तर आईबापांचे प्राण कदाचित् वांचले असते, अशी खंत रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मकथनांत व्यक्त केली आहे. म्हणूनच अमेरिकेंत (१८८६-८८) त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, आणि पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत मुलींस वाचनाबरोबर विणकाम, छापखाना व शेती हींही शिकविलीं. तेव्हां पाठांतर आणि फेरी ह्यांच्या जोडीस हाताचें काम पाहिजे, ही गोष्ट ज्या स्त्रीनें सर्वांत जास्त पाठ केलें तिच्याच अनुभवावरून आपण शिकतों.

२. पाठांतर कसें करावें

पाठांतर म्हणतांच कित्येकांच्या डोळ्यांपुढें छडी आणि रडणारें मूल उभें राहतें. जुन्या पंतोजींच्या शाळांत पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हीं सर्व घोकून घेत असत. त्यामुळें बाजारांतला अपूर्णांकांचा हिशेब तोंडीं करतां येई हें खरें. पण छडीच्या भयानें किती मुलांनीं शाळा सोडली, ह्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. तीन-चार वर्षांच्या मुलास ह्यांतलें कांहीं नको. त्याच्यासाठीं चार साधे नियम आहेत.

पहिला नियम : थोडें द्यावें. आठवड्यास एक ओळ पुरे. ओंजळींत मावेल तेवढेंच पाणी तींत घालावें. घागर ओतली तर ओंजळही रिकामी होते.

दुसरा नियम : अर्थ आधीं, शब्द मागाहून. तेविसावें स्तोत्र शिकवावयाचें असेल तर आधीं मुलास गुराखी दाखवावा; तो ओढ्यावर गुरें कशीं नेतो, चुकलेलें वासरूं कसें शोधतो, हें त्याला पाहूं द्यावें. मग ओळ सांगावी. अर्थावांचून पाठ केलेली ओळ पोपटाचीही होते.

तिसरा नियम : तोंडाबरोबर हात चालूं द्यावा. आपल्या आज्यांस जात्यावरच्या ओव्या शेंकड्यांनीं येत असत. त्या कोणीं पुस्तकांतून शिकविल्या नव्हत्या. हात खुंट्यावर आणि तोंड ओवीवर, असें रोज पहांटे चाललें म्हणजे शेजारीं निजलेल्या मुलीसही त्या येत. टाळी, पाउलांचा ठेका, झोंक्याची लय, कांडपाचा ताल, ह्यांपैकीं कांहींही चालेल.

चौथा नियम : पुन्हां पुन्हां, पण अंतर ठेवून. एका बैठकींत वीस वेळां घोकण्यापेक्षां आज, उद्यां, दोन दिवसांनीं, आठवड्यानें व महिन्यानें अशी पांच वेळां आठवण करविलेली ओळ अधिक टिकते. आणि आठवण करविणें म्हणजे आपण म्हणून दाखविणें नव्हे. आपण अर्धी ओळ म्हणून थांबावें, आणि उरलेली मुलास शोधूं द्यावी. त्या शोधण्यांतच ती पक्की होते.

पाठ काय करावें? प्रथम आपलें व आईबापांचें नांव, गांव व तालुका; जत्रेंत किंवा स्टेशनावर चुकलेल्या मुलाचें तेंच पहिलें रक्षण आहे. मग वार, दिशा, ऋतु व महिने. एखादें लहानसें वचन, एखादें गीत. आणि घरांत चालत आलेले उखाणे व कोडीं. कोडें हें फार उत्तम पाठांतर होय, कारण तें म्हणतां म्हणतां मुलाला विचार करावा लागतो.

अंकांविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. मराठींत विसाच्या पुढील संख्यांचीं नांवें मुलांस अवघड जातात. ‘एकोणतीस’ म्हणजे एक उणें तीस. कानांस ऐकूं येतें तीस, आणि पाटीवर दिसतात दोन आणि नऊ. २०१९ सालीं इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत तिच्यावर मोठा वाद झाला. आपणांस त्या वादांत पडण्याचें कारण नाहीं. घरीं वीसपर्यंत अंक पाठ करवावे, पण प्रत्येक अंकाबरोबर एक चिंचोका हातांतून खालीं ठेववावा, म्हणजे तोंड बोटांच्या पुढें धांवणार नाहीं. त्यापुढें दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्या. दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या, म्हणजे एकोणतीस. आणखी एक काडी घातली कीं तिसरी जुडी पुरी होते. असें ज्यानें हातानें केलें, त्याला ‘एक उणें’ हें समजावून सांगावें लागत नाहीं.

एक गोष्ट विसरूं नये. हें सर्व घरच्या बोलींत करावें. आगरी, कातकरी, वारली, किंवा भिवंडी शहरांतील विणकर कुटुंबांची उर्दू अथवा तेलुगू, कोणतीही असो, ती बोली अशुद्ध नव्हे. मुलाचा विचार तींतच चालतो. पुस्तकी मराठी नंतर येईल. जिला घरांत ‘असें बोलूं नको’ म्हणून गप्प केलें, ती मुलगी शाळेंतही गप्पच राहते.

३. फेरी कशी काढावी

फेरी म्हणजे सहल नव्हे. तिला गाडीभाडें लागत नाहीं, डबा लागत नाहीं. पाणी आणावयास, सरपण वेंचावयास किंवा बाजारास जातांना मूल बरोबर असतेंच. त्या जाण्यालाच थोडा हेतु द्यावयाचा. निघण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा. वाटेंत थांबून पाहूं, शिवूं, मोजूं द्यावें. घरीं आल्यावर आजीला किंवा बापाला सांगावयास लावावें. एका फेरीस प्रश्न एकच. दहा गोष्टी दाखविल्या तर एकही दिसत नाहीं.

समजा, पावसाळ्याच्या आरंभीं टाकळ्याची भाजी खुडावयास आई सायंकाळीं मुलीस घेऊन बांधावर गेली. आई विचारते, “पान कसं दिसतं, बाय?” मुलगी वांकून पाहते. सूर्य मावळतां मावळतां टाकळ्याचीं पानें जोडीजोडीनें मिटूं लागतात. ती ओरडते, “आये, पान निजलं!” येथें आईनें व्याख्यान देऊं नये. एवढेंच म्हणावें, “निजलं होय? मग सकाळीं त्याला कोण उठवील?” दुसऱ्या दिवशीं मूल आपण होऊन पहांटे उठेल आणि उघडलेलें पान पाहून येईल. ज्या दिवशीं मुलानें स्वतः प्रश्न धरून दुसरी फेरी काढली, त्या दिवशीं आपलें निम्में काम झालें असें समजावें.

आपल्या भागांत प्रत्येक ऋतु हा एक धडा आहे. उन्हाळ्यांत शेताचा एक तुकडा पालापाचोळा व शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. तो कां भाजतात हें मुलानें आजोबांस विचारावें. पहिल्या पावसाबरोबर शेवळें उगवतात. काकडाच्या फळांवांचून तीं शिजविलीं तर घसा खाजतो, हें आईला ठाऊक असतें, पण ‘कां’ हा प्रश्न मुलाला पडूं द्यावा. लावणीच्या वेळीं एका मुठींत किती रोपें येतात तें मोजावें. कापणींत एका लोंबीचे दाणे मोजून ‘एका दाण्याचे किती झाले?’ असें विचारावें. फाल्गुनांत पळस फुलला म्हणजे त्याला त्या वेळीं पानें किती आहेत, हें पाहावें.

जरा लांबची फेरी काढावयाची तर भिवंडीच्या आसपास ठिकाणें पुष्कळ आहेत. कामवारी नदीच्या कांठीं भरतीओहोटी समजते. वऱ्हाळा तलावावर पाखरें दिसतात. भिवंडी रोड स्टेशनावर मालगाडीचे डबे मोजतां येतात. पांच वर्षांच्या मुलास वीसच्या पुढें मोजण्याची हौस लावण्यास त्यासारखें दुसरें साधन नाहीं. लोनाडच्या टेकडींत जुनीं बौद्ध लेणीं आहेत; तेथें दगडावर हात फिरवून ‘हें कोणीं कोरलें, कशानें कोरलें?’ असें विचारावें. वज्रेश्वरीजवळ अकलोली व गणेशपुरी येथें तानसा नदीच्या कांठीं जमिनींतून ऊन पाणी निघतें. खालीं चूल नसतां पाणी तापतें कसें, हा प्रश्न कोणत्याही मुलास गप्प बसूं देणार नाहीं. मात्र तेथें मुलाचा हात सोडूं नये, कांहीं कुंडें फार कढत असतात.

आणि भिवंडीचा खरा धडा म्हणजे माग. इ. स. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग आणले, आणि विसाव्या शतकांत त्यांची जागा यंत्रमागांनीं घेतली. चालत्या यंत्रमागाजवळ मुलास नेऊं नये. पट्टे आणि धोटा ह्यांपासून धोका असतो, आणि आवाजही कानांस सोसवत नाहीं. दारांतूनच उभे ताण्याचे धागे व आडवा बाण्याचा धागा दाखवावा. घरीं येऊन केळीच्या सोपटाच्या किंवा झावळीच्या पट्ट्या एक खालीं, एक वर अशा विणावयास द्याव्या. ताणा घट्ट नसेल तर कापड होत नाहीं. बाणा येजा करीत नसेल तरीही होत नाहीं. पाठांतर हा ताणा, फेरी हा बाणा. आणि विणणारा हात तिसरा.

४. बोर्डीची साक्ष

हें सर्व सांगावयास बरें, पण गरीब पाड्यांत चालेल काय, असें कोणी म्हणेल. तें आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत चाललें आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) ह्यांनीं अनुताई वाघ (१९१०-१९९२) ह्यांस बरोबर घेऊन १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला; तें गांव आतां पालघर जिल्ह्यांत आहे. प्रथम मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां, मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्या म्हणाल्या नाहींत फक्त, तसें त्यांनीं केलें. बालवाडी पाड्यावरच्या आंगणांत भरूं लागली. आंगणवाडी ती हीच. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं चराऊ रानांतच कुरणशाळा चालविली. साधनें म्हणजे खडे, शिंपले, बिया आणि पानें. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशभर जी बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांचें ‘अंगणवाडी’ हें नांव आज प्रत्येक गांवास ठाऊक आहे.

५. जपण्यासारख्या गोष्टी

घरचें शिक्षण हा शाळेचा पाया आहे. शाळा चुकविण्याची सबब नव्हे. १ एप्रिल २०१० पासून अमलांत असलेल्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘ती घरींच शिकते’ असें म्हणून थोरल्या मुलीस धाकट्याच्या पाळण्याशीं बांधून ठेवणें हा तिच्यावर अन्याय होय. पांचव्या वर्षापर्यंत जिला आपण बोलतें केलें, तिला सहाव्या वर्षीं शाळेच्या दारांत सोडावें, आणि सायंकाळीं ‘आज काय पाहिलेंस?’ हें विचारणें चालूच ठेवावें. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनीं तेथील जवळची शाळा व अंगणवाडी ह्यांची चौकशी आधींच करावी. पाठांतर ही मात्र अशी पिशवी आहे कीं, ती भट्टीवरही बरोबर जाते आणि पावसांत भिजत नाहीं.

पाहुण्यांपुढें मुलास उभें करून ‘म्हणून दाखव’ असा आग्रह धरूं नये. चुकल्यास हंसूं नये, मारूं तर नयेच. आणि एका मुलाची दुसऱ्याशीं तुलना करूं नये. सर्व रोपें एका दिवशीं निसवत नाहींत.

दिवसाचा क्रम सोपा ठेवावा : सकाळीं चूल पेटवितांना एक ओळ, दिवसां कामास जातायेतां एक प्रश्न, सायंकाळीं हाताचें एक काम, निजतांना कालची ओळ व आजची हकीकत. ह्या सर्वांस मिळून अर्धा तासही लागत नाहीं. जिला अक्षर येत नाहीं त्या आईजवळ शिकविण्यासारखें किती आहे, हें तिला कोणीं सांगितलेलें नाहीं. उपदेशक बंधूंनो, पुढल्या भेटींत तें तिला सांगणें हें आपलें काम आहे. तिच्या मुलाची परीक्षा घेऊं नका, तिलाच विचारा, “बाई, तुमच्या आईनें तुम्हांस काय पाठ करविलें होतें?” ती क्षणभर लाजेल, मग एखादी ओवी म्हणेल. तेथूनच आरंभ करा.

विचारासाठीं प्रश्न

१. रमाबाईंच्या शिक्षणांत कशानें बळ आलें, आणि कशाची उणीव राहिली?
२. पाठांतराचे चार नियम कोणते? त्यांपैकीं आपल्या घरीं कोणता मोडतो?
३. आपल्या गांवापासून हांकेच्या अंतरावर असलेलीं फेरीचीं तीन ठिकाणें सांगा. प्रत्येकासाठीं एक प्रश्न ठरवा.
४. आपल्या पाड्यांत सहा वर्षांवरील कोणतें मूल शाळेबाहेर आहे? त्याच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?